आंदणातली सोजर

भोसरी,
११ जून १९७३

ती. आईस,
इंदूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

एक बातमी आहे. लपवता येईल तोवर लपवली, आता दिसायलाच लागलं म्हणून लिहिते. मला सहावा महिना लागला आहे.

तुझे जावई खूश आहेत. लेथवरून सुटले की येताना रोज काहीतरी पुडीत बांधून आणतात आणि मी ते खाल्लं की नाही याची चौकशी करतात. सासूबाई चऱ्होलीहून येऊन दृष्ट काढून गेल्या. त्यांना डोळ्यांनी फार कमी दिसतं, मीठमोहऱ्या निम्म्या माझ्या डोक्यावरच पडल्या. म्हणजे सगळं ठीक आहे, मीच तेवढी ठीक नाही. एका जागी बसवत नाही. आमच्या खोल्यांच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये सुटे भाग ठोकायचा प्रेस चालतो. तो वाजत असतो तोवर बरं. लाइट गेली आणि तो थांबला, की मी पोटावर हात ठेवून बाळ हलतंय का ते बघत बसते. नाहीतर चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारते. शेजारच्या अंबुबाई म्हणतात, ‘चाळीची राखण करती का काय गं?’

मागच्या वेळचं तुला ठाऊक आहे. पोर जन्मलं ते रडलंच नाही. तू येणार होतीस आणि त्याच आठवड्यात तिकडे वाड्यावर थोरले सरकार गेले. आईसाहेबांना तशा अवस्थेत टाकून तुला निघता येईना. मी समजून घेतलं. घेतलं म्हणजे काय, घ्यावंच लागलं.

या वेळी मात्र तू ये. राजवाड्यातली सगळी बाळंतपणं तुझ्या हातची. मग पोटच्या पोरीचं एक होऊ दे. दसऱ्याच्या आसपास दिवस भरतील, त्याच्या आधी ये. मला भीती वाटते. कोंडीराम कारकुनांना सांग, एवढं एक वाक्य तुला दोनदा वाचून दाखवायला: आई, तू ये.

तुझी,
इंदू


धामणगड,
२२ जून १९७३

चि. सौ. इंद्रायणीस,
सोजरचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. शुभवर्तमान कळून आनंद झाला. प्रकृतीस जपावे. जड उचलू नये. पपई वर्ज्य करावी. सकाळी दुधात तूप घालून घ्यावे, दूध मात्र निर्भेळ असावे.

कोंडीराम कारकून मिरजेस मुलाकडे राहावयास गेले. पत्र आता येथीलच एकजण लिहितात, तरी हस्ताक्षर निराळे दिसल्यास काळजी करू नये.

येथे सर्व क्षेम आहे. सरकारने संस्थानिकांचे तनखे बंद केले तरी वाड्याची शिस्त मोडलेली नाही. मुदपाकखान्यात दोन्ही वेळा साग्रसंगीत स्वयंपाक होतो, तिन्हीसांजेस दिवाणखान्यात समया लागतात, माणसांची वर्दळ असते. तुझे नाव आईसाहेबांनी आपल्या माहेरच्या नदीवरून ठेवले होते. त्याच नदीच्या शेजारी तू बाळंत होणार याचे त्यांना कौतुक वाटले.

सासूबाईंचे सांगणे ऐकत जावे. लोभ असावा.

सोजर


भोसरी,
३० जून १९७३

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून आम्ही दोघंही हसलो. ‘वर्ज्य करावी’ म्हणे! तू जन्मात कधी कुणाला ‘वर्ज्य’ म्हणाली आहेस का? तू असतीस तर ‘पपईला हात लावशील तर तंगडं मोडीन’ म्हणाली असतीस. आणि लेकीला लिहिताना कुणी खाली ‘सोजर’ अशी सही करतं? तो जो कोण लिहितो त्याला सांग, अक्षर मोत्यासारखं आहे, पण माझी आई त्यात कुठे सापडत नाही.

निर्भेळ दुधाचंही सांग त्याला. इथे दुष्काळाने गोठे रिकामे झालेत, रेशनवर मिलो म्हणून तांबडी ज्वारी मिळते, तिच्या भाकरी थापताना हातात राहत नाहीत. आमचा गवळी दूध घालतो ते नळ येऊन गेल्यानंतरच.

पण मुख्य राहिलंच. मी बोलावलं, त्याचं तू काहीच लिहिलं नाहीस. तू येतेस की नाही? या वेळी दवाखान्यात नाव घातलंय. पण दवाखान्यातली बाई हात धरून बसत नाही गं. मागच्या वेळी मी भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि कुणीतरी म्हणत होतं, ‘हिच्याबरोबर कोण आहे?’ तेवढंच आठवतं.

येते म्हण, नाहीतर येत नाही म्हण. मला लटकत ठेवू नकोस.

इंदू


धामणगड,
१३ जुलै १९७३

चि. सौ. इंद्रायणीस आशीर्वाद.

पत्र पावले. तुझा विनोदी स्वभाव कायम आहे हे पाहून बरे वाटले. सोबत डिंक, खारीक व अहळीव पाठवीत आहे. डिंक तुपात तळून घ्यावा, जळू देऊ नये. बाळंतिणीच्या खोलीत वारा येऊ देऊ नये. शेक घ्यावा. बाळास पहिले महिने उघड्यावर नेऊ नये.

दवाखान्यात नाव घातले हे उत्तम केले. हल्लीचे डॉक्टर हुशार असतात.

आईसाहेबांना मध्यंतरी थोडा ताप होता. आता उतार आहे. त्यांचे दुखणे म्हटले की एकच माणूस उशाशी लागते, हे तुला सांगावयास नकोच.

जावईबापूंस आशीर्वाद.

सोजर


भोसरी,
१९ जुलै १९७३

आई,

डिंक मिळाला. कळलं मला.

नऊ वर्षांची असताना आईसाहेबांच्या लग्नात तुला आंदण म्हणून दिलं. भांडी दिली, पलंग दिला, तशी एक मुलगी दिली. ते राज्य गेलं, तनखा गेला, आंदण काही संपत नाही. बाबा पागेत घोड्याच्या लाथेने गेले तेव्हाही तू तेराव्याला आईसाहेबांच्या केसांना तेल लावायला हजर होतीस. मी दारात बसून बघत होते.

आता पुन्हा विचारणार नाही. पत्रही लिहिणार नाही. होईल ते होईल.

इंद्रायणी


भोसरी,
२७ ऑगस्ट १९७३

आईसाहेबांच्या चरणी,
इंद्रायणीचा मुजरा.

तुम्हाला थेट लिहायची माझी पायरी नाही, पण आता लिहिल्याशिवाय मला घास उतरणार नाही.

लक्ष्मणराव म्हणून माझे चुलतसासरे आहेत, ट्रकवर असतात. गेल्या आठवड्यात सांगलीला पंपाचे सुटे भाग पोचवायला गेले होते, येताना मी न सांगताच वाट वाकडी करून धामणगडला थांबले. पुढचा दरवाजा बंद. चौकात कमरेएवढं गवत. मागच्या दाराने हाक मारली, तर राखेने माखलेल्या हातांनी माझी आई बाहेर आली. मुदपाकखाना नाही, वर्दळ नाही. एक चूल आणि तुम्ही दोघी.

लक्ष्मणराव सांगत होते तसंच लिहिते. आईने त्यांना विचारलं, ‘पोरगी बरी हाय न्हवं?’ ते म्हणाले, ‘ती तुमच्या वाटंकडं डोळं लावून बसलीया, आन् तुमी येत न्हाई म्हणून रुसलीया.’ तर आई म्हणाली, ‘मला कुटं बोलावलंय तिनं? सासूच करनार हाय बाळंतपण, असंच पत्रात हाय. मागल्या येळंला म्या गेले न्हाई, त्याचा राग धरला आसंल. न बोलावता लेकीच्या दारात कशी जाऊ, राव?’ आणि मग ती रडली. माझी आई रडताना मी कधी पाहिलेली नाही, लक्ष्मणरावांनी पाहिली.

ते असंही म्हणाले, की सोप्यात खुर्चीवर आईसाहेब चष्मा लावून काहीतरी लिहीत होत्या.

तेव्हा सगळा उजेड पडला. त्या वाड्यात माझ्या आईला ‘सोजर’ म्हणणारं एकच माणूस उरलं आहे.

आईसाहेब, माझं नाव तुम्ही ठेवलंत. मला शाळेत तुम्ही घातलंत, म्हणून तर मला हे लिहिता येतंय. तुमचे उपकार मी नाकारत नाही. पण ती तुम्हाला आपले डोळे समजून माझं पत्र तुमच्या हातात देते, आणि तुम्ही तिला माझं बोलावणं सोडून बाकी सगळं वाचून दाखवता? वर आम्हा दोघींनाही खोटं सांगितलंत. चूक असेल तर माझ्या तोंडात मारा. नसेल तर हे पत्र तिला वाचून दाखवा. सगळं. मला आता रात्रंदिवस थारा नाही. मला माझी आई पाहिजे.

इंद्रायणी


धामणगड,
३ सप्टेंबर १९७३

चि. सौ. इंद्रायणीस आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. माझ्याशी या भाषेत आजवर कोणी बोलले नव्हते. तुझी चूक मात्र नाही.

सोजर माझ्याहून लहान. माझ्या लग्नात मी मेण्यात बसून रडत होते, ती मेण्याच्या कडेने चालत होती. पडदा बाजूला करून मला म्हणाली, ‘बाई, मला भूक लागली.’ मी ओच्यातला लाडू दिला. त्यानंतर तिने माझ्याकडे कधीही काहीही मागितले नाही. मागितले असते तर मी दिले असते, असे मी इतकी वर्षे समजून चालले.

आमच्याकडची रीत तुला माहीत नसेल. आंदणातल्या बाईने आपणहून उंबरा ओलांडावयाचा नाही. जिने आणली तिने आपल्या हाताने तिची ओटी भरून ‘जा’ म्हणावे, तेव्हाच ती मोकळी. आम्ही दोघी सवाष्णी होतो तोवर मला हे करता आले असते. मला सुचले नाही. सरकार गेले आणि माझा हात ओटी भरण्याजोगा उरला नाही. सोजर तर आधीच विधवा. विधवेने विधवेची ओटी कशी भरावी? मी स्वतःला सांगितले, इलाजच नाही. खरे सांगावयाचे तर मला इलाज नकोच होता.

आमचे चिरंजीव, राजे, मुंबईस असतात. पुण्यात जागा घेऊन देतो म्हणतात. पण या वाड्यात मी सून म्हणून आले आणि तिच्याशिवाय येथे एकही दिवस काढलेला नाही. ती गेली तर मी कोणाची कोण, हे सांगणारेही येथे कोणी नाही. तुझे पहिले पत्र मोठ्याने वाचताना ‘या वेळी मात्र तू ये’ येथे माझा आवाज थांबला. ती म्हणाली, ‘मग पुढं?’ मी ते गाळले आणि ‘सासूबाईच बाळंतपण करणार’ असे मनाने वाचले.

हे पत्र पेटीत टाकून येते आणि तुझे तिला वाचून दाखवते. सगळे.

आईसाहेब


धामणगड,
९ सप्टेंबर १९७३

इंदे,

बाईच लिवत्यात. म्या म्हनलं, आता माजं बोलनं जसंच्या तसं लिवा, त्यात आपली साकर घालू नगा. तवा लिवत्यात. आईसाब समद्या जगाच्या, माज्या त्या म्हायेरच्या बाई.

तुजं पत्र ऐकलं. समदं ऐकलं. मंग म्या बाईंशी बोलनंच टाकलं. चूल पेटवली, ताट वाढलं, न्हानीत पानी काडलं, पर त्वांड उघाडलं न्हाई. त्यांनी दोनदा हाक मारली, म्या ओ दिली न्हाई. (हे खरे आहे.) सोजरनं ओ दिली न्हाई असं ह्या वाड्यात कंदी घडलं न्हवतं.

मंग काल सकाळी त्याच उटल्या. सुपात तांदूळ, नारळ, खन घिऊन चुलीपाशी आल्या. म्हनल्या, ‘सोजर, पदर पसर.’ म्या म्हनलं, ‘अवो बाई, तुमी तशा, म्या बी तशी, लोक काय म्हनतील?’ तर म्हनल्या, ‘म्हनायला ऱ्हायलंय कोन हितं?’ ओंजळीतलं निम्मं तांदूळ भुईवरच सांडलं. म्या पदर पसरला. ‘जा,’ म्हनल्या आन् त्वांड फिरीवलं.

माज्या लेकी, म्या तुला सोडलं न्हवतं गं. तू बोलावलं न्हाईस म्हनून रोज हुंबऱ्यापत्तुर जाऊन माघारी येत व्हते. मागल्या येळंला तुज्यापाशी न्हवते, ते माज्या काळजात अजून तसंच हाय. आता राग सोड आन् पोटभर जेव.

घटस्थापनेच्या आदी येते. जावयबापूंना सवारगेटच्या ष्ट्यांडावर उबं ऱ्हायला सांग, मला यश्टी कळत न्हाई. पपईला हात लावशील तर बघ.

बाईंना म्या इचारलं, तुमचं कसं व्हनार? म्हनल्या, मी स्टो पेटवीन. (पेटवता येतो. सोजरला खरे वाटत नाही.)

तुजी आई


धामणगड,
२ नोव्हेंबर १९७३

प्रिय सोजर,

मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत आणि ती जन्मताच इतकी रडली की दवाखान्यातली बाई कानावर हात ठेवून हसली, हे इंद्रायणीने कळवले. मी गुळाचा खडा देवापुढे ठेवला. वाटायला कोणी नव्हते, म्हणून मीच खाल्ला.

दिवाळी झाली. राजे आले नाहीत, मनिऑर्डर आली. वाडा धान्याच्या गोदामासाठी भाड्याने द्यावयाचे ठरले आहे. मला मागच्या दोन खोल्या. परवा स्टो भडकला, हात थोडा पोळला. म्हणून अक्षर असे आले आहे. काळजी करण्याजोगे नाही. तसे घरात दिवसभर कोणी बोलत नाही, म्हणून मी कधी कधी मोठ्याने वर्तमानपत्र वाचते.

तुझी ओटी भरून तुला मी मोकळी केली. आता परत ये म्हणणे रीतीत बसत नाही. तरी म्हणते. सोजर, ये. मला एकटीला जमत नाही.

इंद्रायणी, हे पत्र मोठ्याने वाचणारी तू आहेस, हे मी विसरलेले नाही. यातले जे गाळावेसे वाटेल ते गाळ. मी तुला दोष देणार नाही.

आईसाहेब


भोसरी,
८ नोव्हेंबर १९७३

आईसाहेबांस नमस्कार.

तुमचं पत्र मी आधी एकटीने वाचलं. आई नळावर होती. वाचून झाल्यावर ते घडी घालून मिलोच्या डब्यात खाली खुपसलं आणि झाकण लावलं. मला आई पाहिजे होती, ती आता कुठे मिळाली होती. सकाळी तिच्या खोकल्याने जाग येते तेव्हा मला सासर-माहेर दोन्ही एकाच खोलीत असल्यासारखं वाटतं. ते मी का सोडू? पण दिवसभर माझं कशातच लक्ष लागेना. आई म्हणाली, ‘आज का गं अशी घिरट्या घालतीस?’ त्या वेळी तुम्ही वाचता वाचता कशा थांबला असाल, ते मला पहिल्यांदा दिसलं. फार वाईट दिसलं. मी डबा उघडला.

आई पोरीला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती. मी सगळं वाचलं, एक शब्दही सोडला नाही. शेवटच्या ओळी माझ्यासाठी होत्या, त्याही वाचल्या. ‘हात पोळला’ इथे ती म्हणाली, ‘कुठला हात?’ मी म्हटलं, लिहायचा, उजवा. पोरीला पुसून माझ्याजवळ दिली आणि ती उठून आपलं गाठोडं बांधायला लागली. मला रडू फुटलं. आईला लिहिताना ‘तुझे जावई’ म्हणून मी ज्यांचं नाव घेत नाही ते भाकरी तशीच ठेवून बाहेर जाऊन उभे राहिले.

गाठोडं बांधून झालं. आईने ते उचलून पाहिलं, खाली ठेवलं. मग तिने गाठ सोडली, लुगडी परत दांडीवर टाकली आणि मला म्हणाली, ‘लिव.’ ती बोलली ते असं:

‘बाई, तुमी मला जा म्हनला, म्या आले. आता येनार न्हाई. आंदनातली सोजर तुमी तांदूळ घालून मोकळी केली, ती संपली. पर तुमी एकट्या ऱ्हायच्या न्हाई. तुमीच हिकडं या. तुमचं म्हायेर हितनं हाकंच्या अंतरावर हाय. हितं मुजरा करायला कोन न्हाई, नळाला रांग लावावी लागंल, पोरीची दुपटी धुवावी लागतील. म्या शिकवीन. न्हाई म्हनू नगा, म्या उभ्या जन्मात दुसऱ्यांदा मागती हाय.’

रविवारी सुट्टी आहे, त्यामुळे शनिवारच्या गाडीने माझे मालक, ज्योतीराम, तुम्हाला न्यायला निघतील. आमच्या दोनच खोल्या आहेत. अंबुबाई कॉट उसनी देणार आहेत.

एक गोष्ट माझ्याकडून. माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही. तुम्ही आलात म्हणून तो लगेच जाईल असंही नाही, कदाचित पुष्कळ दिवस राहील. पण दार मीच उघडीन.

इंद्रायणी